सर्व्हर जालन्यात, आम्ही वाटूरला

घरात प्लॅस्टिकच्या पिशव्या कशा साठतात, तसेच हे किस्से! मुद्दाम कोणी साठवत नाही. एका पिशवीत दुसरी, दुसरीत तिसरी, अन् एक ओढली की सगळ्या बदाबदा अंगावर. परवा बसची वाट बघणाऱ्या एकीनं मला नुसतं विचारलं, "जिजी, तुमच्या खोलीत कंप्युटर बसवला म्हणे?" झालं! तिची बस गेली, तिच्या मागची बस गेली, माझं आपलं चालूच.

आमची खोली म्हणजे वाटूरच्या फाट्यावरचा दवाखाना. मोठा दवाखाना जालन्यात, एका ट्रस्टचा. आमच्याकडे त्याची फांदी. फांदीवर दोनच पाखरं, नर्स सुमन अन् मी. सुमन बीपी बघते, शुगर बघते, सुई टोचते. मी पेशंटची नोंद घेते, अन् रांगेत कोणी घुसला तर त्याला बाहेर काढते. शाळेत मी गेले नाही. अक्षरं शिकले वाण्याच्या पुड्यांच्या कागदावर, अन् कंप्युटर शिकले नितीनच्या चिडण्यावर. नितीन म्हणजे ट्रस्टचा इंजिनिअर. तो जितका चिडला तितकी मी शिकले. आता तो चिडत नाही, मला विचारतो!

ट्रस्टच्या अध्यक्षांना सगळे अण्णा म्हणतात. कंप्युटर बसवला त्याच दिवशी अण्णा सगळ्यांसमोर म्हणाले, "जिजी, दिवाळीपर्यंत बघतो. वाटूरच्या पेशंटची नोंद जालन्यात बराबर दिसली तर खोली राहील. न्हाई तर कुलूप. पेशंटनं सरळ जालन्याला यावं."

सरळ जालन्याला! गरोदर बाईनं, लेकरू काखेत घेऊन, बसच्या दांडीला लटकत! मी तिथंच म्हणलं, "अण्णा, कुलूप आणायची घाई करू नका."

* * *

पहिल्याच दिवशी नितीननं शिकवायला घेतलं. "जिजी, तुमच्या पडद्यावर दिसतं ते क्लायंट. सगळी माहिती जालन्यातल्या सर्व्हरमध्ये. क्लायंट विचारतो, सर्व्हर देतो."

"म्हणजे आपल्यापाशी काय हाय?"

"फक्त प्रश्न."

"अन् त्याच्यापाशी?"

"सगळी उत्तरं. पण तो ओळख पटल्याशिवाय देत न्हाई. पत्ता बराबर पाहिजे, कोणत्या दारानं आलात ते बराबर पाहिजे, नाव पाहिजे, पासवर्ड पाहिजे. एक जरी चुकलं तरी हाकलून देतो."

मी म्हणलं, "एवढं कशाला फिरवून सांगतो? सून साखर मागती अन् सासू कपाटाची किल्ली कमरेला लावून बसली, असं म्हण की!"

पुढच्या आठवड्यात नितीन शहागडला शिकवायला गेला, तिथल्या फांदीवरची बाई मला फोनवर सांगते, "जिजी, तो इंजिनिअर लई हुशार हाय बरं. सासू अन् साखरेचं काय उदाहरण दिलं त्यानं!"

* * *

सासूवरून आठवलं.

सर्व्हरमध्ये दोन कप्पे होते. एक सरावाचा, एक खरा. नितीननं आमचा क्लायंट सरावाच्या कप्प्याला जोडून दिला अन् म्हणाला, "खेळा, काहीबी भरा, इथं सगळं खोटं."

काहीबी भरा म्हणल्यावर सुमनला चेव आला! तिनं पहिला पेशंट भरला तिची सासू. तक्रार, 'कारण नसताना ओरडणे'. किती दिवसांपासून, 'माझ्या लग्नापासून'. उपचार, 'मौन, दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर'. आम्ही हसून हसून लोळलो.

खेळता खेळता खरे पेशंट यायला लागले अन् तेही आम्ही त्याच कप्प्यात भरत गेलो. इकडे जालन्यात डॉक्टर मॅडमच्या पडद्यावर वाटूरच्या नावानं ठणठणाट. अण्णांचा फोन आला, "जिजी, तुमच्या खोलीत माणसं येतात का नुसत्या माशा?"

नितीन घाबरला. घाईघाईत त्यानं काय केलं, सरावाचा कप्पाच्या कप्पा उचलून खऱ्यात ओतला! पेशंट गेले, अन् त्यांच्यासोबत सुमनची सासूबी गेली.

संध्याकाळी मॅडमनं तपासून सगळ्या नोंदी आमच्या पडद्यावर परत पाठवल्या. कोणाला लोहाच्या गोळ्या, कोणाला रक्त तपासणी. सुमननं सासूची नोंद उघडली. मॅडमनं बाकी काहीच खोडलं नव्हतं. खाली फक्त एक ओळ लिहिली होती.

'पुढच्या वेळी सुनेलाही तपासणीसाठी घेऊन येणे.'

* * *

मग एका सकाळी क्लायंट उघडला, तर 'सर्व्हर उत्तर देत नाही'. पुन्हा उघडला, तेच. बाहेर रांग लागलेली. त्यात पोटुशा बाया, त्यांच्या रिपोर्टची वाट बघून राह्यलेल्या. नितीनला फोन लावला.

"नितीन, तुझा सर्व्हर मेला काय रे?"

"न्हाई जिजी, माझ्यासमोर मस्त चालू हाय!"

"मंग आमच्याशी का बोलंना? आम्ही काय त्याचं घोडं मारलं?"

दुपारपर्यंत शोधलं तेव्हा उलगडा झाला. आदल्या दिवशी जालन्यात लाईट गेली होती. लाईट आल्यावर जो आधी जागा होईल त्याला पत्त्याचा नंबर मिळतो, अन् मागून उठणाऱ्याला दुसरा. नितीननं सर्व्हरचा नंबर पक्का बांधून ठेवायला पाहिजे होता, तो बांधलाच नव्हता. अन् त्याच आठवड्यात अण्णांच्या ऑफिसात नवा टीव्ही लागला होता, इंटरनेटचा. टीव्ही आधी उठला! त्यानं सर्व्हरचा नंबर घेतला अन् सर्व्हर गेला दुसऱ्याच नंबरावर.

मी म्हणलं, "म्हणजे वाटूरच्या बाया सकाळपासून अण्णांच्या टीव्हीला विचारून राह्यल्या, माझं रक्त किती हाय?"

"तसंच म्हणा जिजी."

नितीननं नंबर बांधला, काम सुरू झालं. संध्याकाळी अण्णांचा फोन. मला वाटलं आता कुलपाची भाषा. पण अण्णा निराळ्याच काळजीत होते.

"जिजी, तुमचं ते नेट बराबर चालू हाय ना? आज मॅचच्या टायमाला आमचा टीव्हीबी लई अडकून राह्यला होता!"

* * *

एक म्हातारबा आले होते पिंपळगाव रेणुकाईहून. लेक इकडे दिलेली, तिच्याकडे मुक्कामाला. क्लायंटचं एक तंत्र असतं. नोंद उघडली की सर्व्हर थोडा वेळ वाट बघतो. तुम्ही काहीच लिहिलं नाही तर तो तेवढ्या नोंदीचं दार लावून घेतो.

मी विचारलं, "बाबा, नाव?"

बाबा म्हणाले, "सांगतो की. आमचं मूळ गाव तिकडं डोंगराकडं. आज्जा इकडं आला. आज्जाला तिघं. मधला माझा बाप. बापानं मळा केला..."

"बाबा, नाव सांगा."

"तिथंच येऊन राह्यलो! तर मळ्यात विहीर खांदली..."

विहिरीला पाणी लागायच्या आत सर्व्हरनं दार लावलं. मी पुन्हा उघडलं. बाबांनीही पुन्हा आज्जापासून सुरू केलं. पुन्हा बंद! शेवटी मी म्हणलं, "बाबा, जालन्यातलं मशीन लई वेळ थांबत न्हाई हो."

बाबांनी फेटा सारखा केला अन् उठलेच. "माणसाचं नाव ऐकायला ज्याला दम न्हाई, ते दुखणं काय ऐकणार? चल गं पोरी!"

लेकीनं हात धरून बसवलं म्हणून बसले. मी आधी सगळं ऐकून घेतलं, विहीर, मोसंबीची बाग, बैलाची जोडी, अन् मग क्लायंट उघडला. नोंद एका झटक्यात झाली. तेव्हापासून माझी हीच पद्धत. आधी माणूस, मग मशीन!

* * *

आता रुमालाची गोष्ट ऐका. एसटीत जागा धरायची म्हणजे खिडकीतून रुमाल टाकायचा, हे आपल्या रक्तातच आहे. पण सर्व्हरवर रुमाल टाकलेले मी जालन्यात पाहिले!

झालं असं, की सर्व्हरवर एका वेळी ठरावीक लोकांनाच जागा. गाडीत सीटा असतात तशा. सगळ्या भरल्या की नव्या माणसाला 'जागा शिल्लक नाही'. आम्हाला रोज सकाळी तेच यायचं. रोज! अन् अण्णा म्हणायचे, "वाटूरची नोंद दुपारशिवाय येतच न्हाई. तुमी उठता कव्हा?"

उठता कव्हा? अन् हे मला! दुसऱ्याच दिवशी पहिली बस धरली अन् जालन्याच्या दवाखान्यात जाऊन उभी राहिले. बघते तर काय, सगळे पडदे उघडे, सगळ्या खुर्च्या रिकाम्या! आल्या आल्या मंडळी क्लायंट उघडून जागा धरून ठेवत होती अन् मग निवांत चहाला जात होती. न जाणो, आल्यावर जागा मिळाली नाही तर!

मी नितीनला ओढत आणलं. त्यानं नियम बसवला. थोडा वेळ कोणी हात लावला नाही की सर्व्हरनं जागा सोडवून घ्यायची. आठ दिवस आनंदीआनंद. नंतर पुन्हा 'जागा शिल्लक नाही'!

पुन्हा पहिली बस. या वेळी बाकीच्या खुर्च्या भरलेल्या, फक्त औषधाच्या खिडकीवर कोणी नाही. पण पडद्यावरचा बाण आपोआप हलतोय! इकडून तिकडे, तिकडून इकडे. मला वाटलं भुताटकी. खाली वाकून पाहिलं. गड्यानं टेबल फॅनच्या मानेला सुतळी बांधलेली अन् सुतळीच्या दुसऱ्या टोकाला माऊस! फॅन मान हलवतोय, माऊस सरकतोय, अन् सर्व्हरला वाटतंय माणूस काम करून राह्यलाय!

मी सुतळी कापली नाही. अण्णांनाच हाताला धरून तिथं आणलं. अण्णांनी फॅनकडे पाहिलं, माऊसकडे पाहिलं, मग हळूच म्हणाले, "म्हणून परवा ह्या खिडकीचा सत्कार केला मी. सगळ्यात जास्त वेळ काम म्हणून!"

* * *

त्यानंतर चार दिवस मी फार तोऱ्यात होते. पाचव्या दिवशी आमच्याच मशीननं नाक कापलं.

आमच्या कंप्युटरच्या पोटातला छोटा सेल संपला होता. लाईट गेली की तो तारीख विसरायचा अन् थेट जुन्या काळात जाऊन बसायचा. सर्व्हर जोडणी करण्याआधी आपलं ओळखपत्र दाखवतो. त्यावर कधीपासून कधीपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं. आमचं मशीन ते वाचायचं अन् म्हणायचं, हे ओळखपत्र तर अजून निघालेलंच नाही! त्याच्या हिशोबानं सर्व्हरचा जन्मच व्हायचा होता. मग बोलायचं कोणाशी?

हे कळायच्या आधीची गोष्ट. एक आठव्या महिन्यातली बाई आली. सर्व्हरशी जोडणी नाही, म्हणून सुमननं क्लायंटमधलाच बाळंतपणाचा हिशोब उघडला. पाळीची तारीख टाकली. मशीननं आपल्या जुन्या तारखेपासून मोजलं अन् सांगितलं, बाळंतपणाला अजून बारा वर्षं!

सुमननं विचार न करता मोठ्यानं वाचलं. बाई मटकन खाली बसली.

"अगं माय! आठ महिन्यातच कंबर गेली, अन् अजून बारा वर्षं?"

दारात तिचा नवरा उभा होता. तो म्हणाला, "ताई, एवढं थांबायचं असंल तर मी तवर पुण्याला कामाला जाऊन येऊ का?"

सेल बदलला. बाळंतपण वेळेवर झालं, मुलगी झाली. पण त्या दिवसाची एकही नोंद जालन्याला पोचली नाही, अन् अण्णांचा निरोप आला, "सोमवारी येतो. शेवटची तपासणी."

* * *

अन् सोमवार.

अण्णा आले. खुर्चीवर बसले. पिशवीतून नवंकोरं कुलूप काढलं अन् माझ्या टेबलावर ठेवलं. म्हणाले, "दाखवा आता."

मी क्लायंट उघडला अन् लाईट गेली! फाट्यावर कुठं तरी तार तुटली होती. बॅटरीनं शिट्टी मारली अन् तिनंही डोळे मिटले. पडदा काळाठिक्कर.

अण्णांनी कुलूप फक्त जरासं पुढे सरकवलं.

तेवढ्यात दोघा गड्यांनी एका धनगर बाबाला धरून आत आणलं. मेंढरं फाट्याच्या पलीकडे उभी. बाबाच्या पायाला जखम, पाय भोपळ्यासारखा सुजलेला, अंगात ताप. सुमननं जालन्याला डॉक्टर मॅडमला फोन लावला. मॅडमनं औषध सांगायच्या आधी विचारलं, "ह्यांना कोणतं औषध चालत नाही असं काही?"

बाबा म्हणाला, "मागल्या साली एक गोळी दिल्ती. सगळ्या अंगावर गांधी उठल्या, जीव कोंडला. मरता मरता वाचलो."

"कोणती गोळी, बाबा?"

"पांढरी."

सगळ्याच पांढऱ्या! मागे बाबा आला होता तेव्हा त्याच्या जुन्या चिठ्ठीवरून ती नोंद मीच घेतली होती अन् सर्व्हरमध्ये होती, पण मॅडमकडे पाठवायची राहिलेली. न पाठवलेला पेशंट फक्त वाटूरच्या नावानं अन् वाटूरच्याच पासवर्डनं उघडतो. मॅडम म्हणाल्या, "नोंद बघितल्याशिवाय मी काही देणार नाही."

अण्णा मला म्हणाले, "स्पीकर लावा. मलाबी ऐकू द्या तुमचा कारभार."

स्पीकर लावला. मॅडमच्या शेजारून नितीनचा आवाज आला. "जिजी, मी इथूनच वाटूरच्या नावानं जोडतो. पासवर्ड सांगा, जल्दी!"

"नितीन, थांब, स्पीकर बंद करते."

"बंद कशाला?" अण्णा कडाडले. "मी अध्यक्ष हाय! माझ्यापासून काय लपवायचं?"

सुमननं डोळे मिटून घेतले. धनगर बाबा कण्हत होता. मी पदर खोचला.

"लिही नितीन. अण्णाला. काही. कळत. न्हाई. सगळं जोडून."

बाहेर एक मेंढी ओरडली.

"जिजी..." नितीन चाचरत म्हणाला, "चुकीचा दाखवून राह्यलं. अण्णामधला ए कॅपिटल हाय का?"

"कॅपिटलच! मान देऊन लिव्हलाय!"

"तरी चुकीचा. शेवटी एखादं चिन्ह हाय का?"

"उद्गारचिन्ह."

पलीकडे टकटक झाली. मग नितीन एवढ्या जोरात ओरडला की फोन थरथरला. "बराबर! बिलकुल बराबर! कनेक्ट झालं!"

मॅडमनं नोंद वाचली. चालत नव्हतं ते सल्फाचं औषध. त्यांनी दुसरं सांगितलं. सुमननं सुई दिली, जखम धुतली, पट्टी बांधली. आम्ही बाबाला घटकाभर बाकड्यावर निजवून ठेवलं. अंगावर एक गांधी उठली नाही. बाबा उठून बसला, चहा मागितला, अन् पहिलं काय विचारलं तर मेंढरं मोजली का कोणी!

तोवर लाईट आली होती. पडदा उजळला, क्लायंटनं आपसूक नाव अन् पासवर्ड विचारला. फोनवरून नितीन भीत भीत म्हणाला, "अण्णा, आता सगळ्यांनी ऐकला. पासवर्ड बदलावा लागंल."

अण्णांनी टेबलावरचं कुलूप उचललं अन् पिशवीत टाकलं.

"बदला. खोली चालू ठेवायची म्हणल्यावर पासवर्ड पक्का पाहिजे. पण नवा मी सांगणार."

ते खुर्चीतून वाकले अन् माझ्या कानात सांगितला. सुमन मान लांब करून करून थकली, तिला काही ऐकू गेलं नाही.

मी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी कीबोर्ड पुढे ओढला अन् विचारलं, "पहिलं अक्षर कॅपिटल का?"

"कॅपिटल," अण्णा म्हणाले. "मान देऊनच लिव्हा, जिजी!"